तारमास्तर आणि फेराइटची कांडी

तारमास्तरांनी माझा ट्रान्झिस्टर फोडला, ही गोष्ट मी अजून माफ केलेली नाही. ‘फोडला’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. ते ‘उघडला’ म्हणत. उघडलेली वस्तू पुन्हा बंद करता येते, एवढंच माझं म्हणणं होतं. आठ दिवसांनी ट्रान्झिस्टर परत मिळाला तेव्हा झाकण होतं, पट्टा होता, सेल होते, फक्त आवाज नव्हता. आतली फेराइटची कांडी मास्तरांच्या माजघरात आढ्याला दोऱ्याने टांगलेली होती.

“अहो, नवीन होता तो!” मी म्हणालो.

“म्हणूनच. कांडी उत्तम निघाली,” मास्तर म्हणाले.

तेव्हा ट्रान्झिस्टर नुकते निघाले होते आणि आमच्या आळीत तो फक्त माझ्याकडे होता. मी हायस्कुलात सायन्स शिकवायचो. नोकरी संपल्यावर मास्तर आमच्या घराला लागून राहायला आले होते. त्यांचं नाव रूबेन दिघोडकर, पण सगळं पनवेल त्यांना तारमास्तरच म्हणायचं. उभी हयात तार ऑफिसच्या टेबलाशी गेली आणि रिटायर झाल्यावर हे रेडिओचं खूळ डोक्यात शिरलं. मी सायन्सचा, म्हणून रेडिओतलं मला सगळं कळतं असा त्यांचा ठाम समज होता. ते मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत. भिंतीपलीकडून ओरडायचे, “सायन्सवाले! या. काम आहे.”

बोलणंही तारेसारखंच. शब्द मोजके, क्रियापद असलं तर असलं. समोरच्याचं बोलणं पटलं नाही की शांतपणे “रिपीट” म्हणायचे. तुम्ही पुन्हा सांगायचं, ते पुन्हा “रिपीट”. तिसऱ्या खेपेला माणूस कंटाळून त्यांच्या मनासारखं बोलायचा. मी तर पुष्कळदा पहिल्याच खेपेला शरण जायचो.

पण माझी खरी तक्रार त्यांच्या गप्प राहण्याबद्दल होती. तार ज्याच्या नावाची त्यालाच कळली पाहिजे, अशी शपथ नोकरीत लागताना त्यांनी घेतली होती. बाकीचेही घेत असतील, पण मास्तर ती पाळायचे. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हाची गोष्ट. मला मुलगा झाल्याची तार सकाळी दहाला पनवेलला आली आणि मास्तरांनी ती स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. साडेदहाला ते मला तळ्याच्या पायऱ्यांवर भेटले. चांगली वीस मिनिटं बोलत उभे राहिले. भाजी महाग झाली, तळ्याला शेवाळ फार आलंय, हायस्कूलचा पत्रा गळतोय. मी काळजीने अर्धा झालो होतो ते त्यांना दिसत होतं. तारवाला शिपाई आधी करंजाड्याला गेला होता, तो माझ्याकडे आला साडेबाराला. मी तसाच तरातरा ऑफिसात गेलो आणि भांडलो. मास्तर म्हणाले, “वाटप शिपायाचं काम. अभिनंदन.”

असा हा माणूस मीडियम वेव्हच्याही खालचं काही तरी ऐकायला निघाला होता. ते काय, हे त्यांनी सांगितलं नाहीच. “प्रयोग,” एवढंच म्हणाले. मला कळलं ते रिबकाबाईंकडून. त्या मास्तरांच्या पत्नी. एक दिवस हातात तांदळाचं सूप घेऊन त्या आमच्या ओटीवर आल्या आणि निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या, “भावजी, त्यांना मदत करा. एलीसाठी चाललंय ते. मी सांगितलं म्हणून बोलू नका.”

एली त्यांचा एकुलता एक मुलगा. मास्तरांनी त्याला लहानपणीच तारेची भाषा शिकवली होती आणि त्याने तार खात्यात लागावं असं त्यांच्या मनात होतं. तो व्यापारी जहाजावर वायरलेस ऑफिसर झाला. निघण्याच्या दिवशी बापलेकांचं वाजलं. मास्तर म्हणाले, “तुझा हात घाणेरडा. समुद्रावर कुणाला कळणार नाही, म्हणून चाललायस.” हात म्हणजे तार वाजवायची ढब. ती प्रत्येकाची वेगळी असते आणि जाणकाराला अक्षरासारखी ओळखता येते. मुलाचं अक्षर गिचमीड आहे म्हणणारे बाप पुष्कळ असतात, पण मास्तरांच्या तोंडून ते एलीला फार लागलं. तेव्हापासून तो फक्त आईला पत्र लिहायचा. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की कावीळ झाली आहे, कुठल्याशा परक्या बंदरात इस्पितळात आहे, काळजी करू नकोस. त्याला चार महिने झाले होते. पुढे अक्षर नाही.

मास्तर मुंबईला जहाज कंपनीच्या कचेरीत जाऊन आले. जहाज बसऱ्याहून कोलंबोला निघणार होतं, मुंबईला थांबणार नव्हतं, पण एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास आपल्या किनाऱ्यासमोरून जाणार होतं आणि तेव्हा मुंबईच्या वायरलेस ठाण्याशी बोलणार होतं. वायरलेसवर एली आहे की त्याच्या जागी दुसरा कोणी, ते कारकुनाने सांगितलं नाही. त्याच्याकडे यादी आली नव्हती, किंवा आली असून त्याने सांगितलं नाही.

“तुम्ही भांडलात का नाही?” मी चिडून विचारलं.

“चांगला कारकून,” मास्तर म्हणाले. “तोंड बंद ठेवतो.”

म्हणजे आता एकच मार्ग उरला. त्या शनिवारी जहाजाची तार हवेतून पकडायची आणि हात ओळखायचा. एलीचा हात निघाला तर पोरगा धडधाकट कामावर आहे. नाही निघाला तर, यापुढचं कोणीच बोलत नव्हतं. दुसऱ्याच्या तारा अशा ऐकणं तुमच्या शपथेत बसतं का, असं मी मुद्दाम विचारलं. त्यांनी बराच विचार केला असावा, कारण उत्तर तयार होतं. “ऐकणं वेगळं. सांगणं वेगळं.”

फेराइटची कांडी म्हणजे ट्रान्झिस्टरच्या पोटातली एरियल, खडूपेक्षा किंचित जाड, वीतभर लांब, दिसायला कोळशासारखी काळी. तिच्यावर रेशमी वेष्टणाची बारीक तार गुंडाळायची, तारेला फिरता कंडेन्सर जोडायचा, ज्याला रेडिओवाले गँग म्हणतात, आणि ते सगळं मास्तरांनी स्वतः जुळवलेल्या हेडफोनच्या सेटला लावायचं. वेढे जितके जास्त तितकं खालचं स्टेशन लागतं. माझ्या ट्रान्झिस्टरमधले वेढे मास्तरांनी उलगडून टाकले होते, कारण ते मुंबई केंद्र ऐकण्यापुरते होते आणि जहाजं त्याच्या खाली बोलतात. आता शंभराच्या वर वेढे हवे होते, एकाला एक चिकटून, एकही दुसऱ्यावर न चढता. मास्तर गुंडाळायचे आणि मी मोजायचं, अशी वाटणी त्यांनीच केली.

पहिल्या दिवशी आम्ही त्र्याण्णवपर्यंत पोचलो तेव्हा गव्हाणची कोळीण दारात आली. मास्तर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, खवलं नसलेली मासळी त्यांना वर्ज्य. ते तिला पाठ होतं.

“मास्तर, कोलंबी तुमाला चालत नाय, म्हायत हाय मना. आज बोय आनलीय. सा घ्या, चांगली ताजी हायत.”

“चौऱ्याण्णव,” मी म्हणालो.

“चार दे,” मास्तर म्हणाले.

“चार कशी? पाच तरी घ्या!”

बोय पाच घेतली आणि माझा आकडा गेला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळे वेढे उलगडले. अंदाजाने पुढे जाऊ म्हणालो तर “रिपीट”. दुसऱ्या दिवशी त्र्याऐंशीला रिबकाबाईंनी चहा आणला. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच जांभई दिली. चौथ्या दिवशी एकशे बारा वेढे पुरे झाले, तेव्हा मला वर्गात मुलांची हजेरी घेतानासुद्धा घाम फुटायला लागला होता.

मग सूर लावणं सुरू झालं. कांडीजवळ धातूचं काही आलं की सूर सरकतो. रिबकाबाईंनी पलीकडे तांब्याचा हंडा ठेवला की लागलेलं स्टेशन गायब. मास्तरांनी हंडा, कळशी, पराती सगळं परसात काढायला लावलं.

“स्वयंपाक काय मडक्यात करू?” बाईंनी विचारलं.

“चालेल,” मास्तर म्हणाले. तीन दिवस खरोखर मडक्यात भात झाला.

कांडीचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. तिचं टोक ज्या दिशेला रोखाल तिकडचं स्टेशन गप्प होतं आणि ती आडवी धरली की तेच मोठ्याने बोलतं. मुंबईचं रेडिओ स्टेशन जवळ, सगळीकडे घुसायचं. पण मुंबई वायव्येला आणि जहाज जाणार नैर्ऋत्येकडून. मास्तरांनी फरशीवर खडूने दोन रेघा ओढल्या आणि त्यांवर कोणी पाय द्यायचा नाही असा हुकूम काढला. मास्तरांकडे जेवायला यायचं तर मला भिंतीला पाठ लावून सरकत यावं लागे.

आणि तीन दिवस राहिलेले असताना मी ती कांडी मोडली. रेघ चुकवायला गेलो, डोकं कांडीला आपटलं, दोरा सुटला आणि कांडी फरशीवर पडून मधोमध दोन तुकडे झाले. फेराइट चिनी मातीच्या कपासारखं ठिसूळ असतं, हे मी मुलांना शिकवलेलं होतं. रिबकाबाई चुलीपाशी होत्या, त्या जागच्या उठल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर खाली बसले, दोन्ही तुकडे हातात घेऊन कितीतरी वेळ जुळवून बघत राहिले. मला वाटलं, आता काही तरी बोलतील, शिवी देतील, बरंच होईल. ते म्हणाले, “सुताराकडून सरस आणा.”

सरसाने चिकटवलेली कांडी एका रात्रीत वाळली. सूर थोडा वर गेला होता, म्हणून नऊ वेढे वाढवावे लागले. ते मी एका दमात मोजले.

शुक्रवारी नवीन पेच निघाला. आमच्या मागच्या अंगाला भाताची गिरणी होती. तिची मोटर चालू झाली की हेडफोनमध्ये नुसती खरखर. मास्तर गिरणीवर गेले आणि मालकाला म्हणाले, “उद्या अकरा ते साडेअकरा बंद ठेवा.” कारण विचारलं तर गप्प. मालक हसला. भात भरडायला बैलगाड्या घेऊन आलेले लोक रांगेत होते, त्यातला गव्हाणकडचा एक म्हातारा तडकला.

“आमी पाटेपासून नंबर लावून बसायचा आनि तुमच्या रेडिओसाठी गिरन बंद? नाय जमनार!”

मास्तर परत फिरले. मला मात्र राहवलं नाही. मी शपथबिपथ काही घेतलेली नव्हती. मी म्हातारबांना सांगितलं की यांचा मुलगा जहाजावर आहे, आजारी होता, चार महिने पत्ता नाही, उद्या जहाज समोरून जाणार.

म्हातारा रांगेतून पुढे आला. “पोर दर्यावर हाय?” त्याने विचारलं. “मंग आदी सांगायचा ना! ए शेट, उद्या बंद ठेव. मी हाय इथं, कोन बोलतो बगतो.”

परतताना मास्तर माझ्यावर नाराज होते. “घरची गोष्ट. बाजारात सांगितलीत,” एवढंच म्हणाले.

आणि आता खरा पेच. जहाज जाणार शनिवारी आणि शनिवारी मास्तर कशाला हात लावत नसत. नोकरीत असताना कित्येक शनिवार त्यांना ड्युटी करावी लागली होती. ते त्यांना लागून राहिलं होतं. रिटायर झाल्यावर शब्बाथ कडक पाळायचा असं त्यांनी ठरवलं होतं. दिवा लावायचा नाही, लिहायचं नाही, बटण फिरवायचं नाही. आणि दुसऱ्याला करायलाही सांगायचं नाही.

“अहो, मुलासाठी! देव समजून घेईल,” मी म्हणालो.

“रिपीट,” मास्तर म्हणाले. मी हात टेकले.

शुक्रवारी दिवेलागणीच्या आधीच त्यांनी सेट चालू करून ठेवला, सूर लावून ठेवला आणि कांडी मुंबईच्या रेघेवर आणून ठेवली, म्हणजे मुंबई गप्प आणि समुद्र मोठ्याने. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “उद्या मी काही सांगणार नाही. तुम्हाला वाटलं तर या.” मी मोडलेल्या कांडीची आठवण ठेवून गेलो.

शनिवारी अकराला गिरणी थांबली. मास्तर पाटावर बसले होते, डोक्याला हेडफोन, अंगात धुतलेला सदरा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. मी कांडीचा दोरा हातात धरून उभा.

“नैर्ऋत्येचा वारा बरा असतो,” मास्तर भिंतीला म्हणाले.

मी दोरा किंचित पिळला.

“वारा जास्त झाला.”

मी परत फिरवला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. माझ्या हाताला रग लागली, नाकावर माशी बसली. एकदा तर मास्तर म्हणाले, “काही लोकांचे हात थरथरतात,” तेव्हा दोरा त्यांच्या गळ्यात बांधावा असं वाटलं. आणि मग ते एकदम स्थिर झाले. डोळे मिटले. उजवा हात मांडीखालून सुटून बाहेर आला, जिथे आयुष्यभर पॅड आणि पेन्सिल असायची तिथे गेला आणि मोकळाच हवेत थांबला. लिहायचं नव्हतं. सगळं कानानेच धरून ठेवायचं होतं. रिबकाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. पाच-सात मिनिटं झाली असतील. मास्तरांनी हेडफोन काढून खाली ठेवला.

“एलीच ना?” मी विचारलं.

मास्तर सदऱ्याची बाही सारखी करायला लागले.

“मास्तर, एली होता की नव्हता?”

“दुसऱ्याची तार,” ते म्हणाले. “सांगता येत नाही.”

माझा तोल गेला. सरळ ओरडलो. म्हणालो, माझा ट्रान्झिस्टर गेला, चार दिवस वेढे मोजले, गिरणी बंद पाडली, माणसं खोळंबली, आणि ही बाई इथे बसली आहे, ती त्याची आई आहे, तुमची ती शपथ घाला चुलीत!  रिबकाबाईंनी पदर घट्ट धरून ठेवला होता आणि त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

मास्तरांचा चेहरा उतरला. इतकं बोलणं त्यांनी माझ्याकडून कधी ऐकून घेतलं नव्हतं. थोड्या वेळाने ते बाईंना म्हणाले, “मजकूर सांगत नाही. पण हात ऐक. हात सांगायला बंदी नाही.”

आणि पाटाच्या कडेवर ते वाजवायला लागले. एका बोटाने टक, दुसऱ्या बोटाच्या नखाने टिक, तार ऑफिसातल्या यंत्रासारखं. हेडफोनमध्ये तीच भाषा शिट्ट्यांची असते, इथे लाकडाची झाली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी एवढं कळलं की वाजवणारा घाईत नव्हता, मधेच रेंगाळत होता, मग एकदम पळत होता. मास्तरांचा स्वतःचा हात असा असणं शक्य नव्हतं. दुसऱ्या कोणाची तरी खोडकर चाल ते जशीच्या तशी वाजवत होते आणि वाजवताना त्यांचे डोळे भरून आले होते.

मजकूर चालू असतानाच रिबकाबाई फिसकन हसल्या.

मास्तरांचं बोट थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

“थांबलात का?” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “पुढचं वाजवा ना.”

“तुला…” मास्तर म्हणाले.

“तीस वर्षं तुमच्या त्या ऑफिसच्या मागच्या खोलीत राहिले. मधे फळ्यांची भिंत. मी बहिरी आहे का?”

मला राहवेना. म्हणालो, “वहिनी, तुम्ही तरी सांगा! काय म्हणतोय एली?”

“बरा आहे, भावजी. त्याचाच हात आहे,” त्या म्हणाल्या. “बाकीचं सांगता येत नाही. दुसऱ्याची तार आहे.”

मी कपाळाला हात लावला. पण मास्तरांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते बायकोकडे असे बघत होते की जणू कोणी पाहुणी घरात येऊन बसली आहे.

“किती?” त्यांनी विचारलं.

“काय किती?”

“किती तारा ऐकल्यास?”

“सगळ्या,” रिबकाबाई म्हणाल्या.

महिन्याभरात माझी अलिबागला बदली झाली आणि पनवेल सुटलं. मास्तरांना मी नीट असं शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारीच. मी न जेवता निघालो, रागातच होतो. चपला घालताना मागे बघितलं तर मास्तर पाट ओढत उंबऱ्यापाशी, बाईंच्या समोर जाऊन बसले होते. पुढचा मजकूर वाजवायला लागले होते. अंगण ओलांडेपर्यंत मला ती टकटक ऐकू येत होती, आणि ती पुरी व्हायच्या आधी हसणाऱ्या रिबकाबाई.